१७ टक्क्यांचा हिशोब

फुटबॉल वर्ल्डकप कोण जिंकेल याच्या एआय अंदाजांवर ‘ज्याला फेव्हरिट म्हणता त्यालाच जिंकण्याची जेमतेम १७ टक्के शक्यता, मग ते एआय मॉडेल काय कामाचं?’ असा सूर दिसतोय. जरा गुणाकार करून बघा. २०२२ पर्यंत वर्ल्डकपच्या बाद फेरीत चार सामने जिंकावे लागत. २०२६ ला ४८ संघ, म्हणून पाच. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरली तरी चार सामन्यांनंतर २४ आणि पाचांनंतर १७ टक्केच उरतात. तेही गटातून पुढे गेलात तर!

असा अंदाज घरी करायचा असेल तर एलो रेटिंगवरून (संघाची ताकद सांगणारा आकडा) दोन्ही संघांचे अपेक्षित गोल काढा, पॉइसाँ वितरणाने (सरासरीवरून ०, १, २... गोलांची शक्यता देणारं सूत्र) स्कोअर पाडा आणि अख्खी स्पर्धा दहा हजार वेळा खेळवा. १.६ विरुद्ध ०.९ गोल असतील तर ०-० ची शक्यता ८ टक्के येते. गोची इथेच आहे. साधं पॉइसाँ ०-० आणि १-१ प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं, त्यासाठी डिक्सन-कोल्स दुरुस्ती (कमी गोलांच्या स्कोअरची शक्यता सुधारणारी) लावा. पेनल्टी शूटआउट सरळ ५०-५० धरा. २०२२ ला ब्राझील क्रोएशियासमोर तिथेच गारद झालं.

चॅटबॉटला नुसतं ‘कोण जिंकेल?’ विचारणं हा वेगळाच प्रकार. तो स्पर्धा खेळवत नाही, जुन्या मजकुरातला बोलबाला ऐकवतो.