एडफूच्या देवळात आईला नेतेय, तिला काय काय दाखवू?

रानजाई

नमस्कार मंडळी, जानेवारीत इजिप्तला चाललोय, मी, नवरा आणि माझी आई (वय ६९). लक्सर ते अस्वान क्रूझ आहे. आईला पिरॅमिडपेक्षा देवळांचीच ओढ जास्त, दोनदा पायी वारी केलेली बाई आहे, तिचं म्हणणं एकच की देव कोण, पूजा कशी व्हायची हे कळलं पाहिजे, नुसते खांब बघून काय करू. म्हणून मी वाचायला घेतलं तर होरस कधी ससाणा तर कधी ससाण्याच्या डोक्याचा माणूस, हाथोर कधी गाय तर कधी बाई, माझंच डोकं गरगरायला लागलं. एडफूला जेमतेम दीड तास मिळणारेय, तेवढ्या वेळात तिला समजेल असं काय दाखवू? गुडघे दुखतात तिचे, तेही लक्षात घ्या प्लीज.

वाटसरू_नाशिक

सगळे देव पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. एडफू होरसचं, त्याच्या एका दिवसाची पूजा समजली तरी खूप झालं. काकूंना तर पटकन कळेल, कारण रचना आपल्या ओळखीची आहे, आधी ३६ मीटर उंच दरवाजा, मग खांबांचं मोकळं अंगण, मग दोन सभामंडप आणि शेवटी गाभारा. आत जाल तशी जमीन किंचित वर चढते, छत खाली येतं, उजेड कमी कमी होत जातो. ते पायाला जाणवतं, हळू चाला. साध्या माणसाला अंगणापर्यंतच प्रवेश असायचा, आत फक्त पुजारी, तेही अंगावरचे सगळे केस काढून, अंघोळ करून. पहाटे देवाला जागं करायचं स्तोत्र म्हणायचे, सरळ आपली भूपाळीच. मग दाराचं मातीचं सील तोडायचं, मूर्तीला वस्त्रं, सुगंधी तेल, नैवेद्य, आणि निघताना स्वतःच्या पावलांच्या खुणा झाडून टाकायच्या. मला हे शेवटचं फार आवडतं.

गाभाऱ्यात एकाच दगडातला, गुळगुळीत घासलेला काळपट देव्हारा आहे, तो राजा दुसरा नेक्टानेबो याच्या काळातला, म्हणजे आताच्या देवळापेक्षाही जुना. हे देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं इ.स.पू. ५७ मध्ये. आई मूर्ती कुठेय विचारतील, ती आता नाही. पुढची लाकडी नाव आहे ती हल्लीची प्रतिकृती, पण उत्सवात देव अशाच नावेत, बंद देव्हाऱ्यात, पुजाऱ्यांच्या खांद्यावरून निघायचा. पालखीच की!

मीरा_दुबई

वरचं सगळं पटलं, फक्त एक सांगते, गाभारा बघून लगेच परत फिरू नका. बाहेरून देवळाभोवती मोठी भिंत आहे, मधून प्रदक्षिणेसारखं चालता येतं, जमीन सपाट आहे. पश्चिमेच्या बाजूला आतून होरस आणि सेतची गोष्ट कोरलीय. सेतने आपल्या भावाला, ओसिरिसला मारलं, आणि ओसिरिसचा मुलगा होरस सूड घेतो. इथे सेत पाणघोडा झालाय आणि होरस नावेतून त्याला भाला मारतोय. पण पाणघोडा इतका छोटासा कोरलाय की शोधावा लागतो, भाल्याच्या टोकाशी मांजराएवढं काहीतरी. कोरलेल्या चित्रातही वाईटाला बळ मिळू नये म्हणून त्याला लहान करून ठेवायचे असं समजावतात. दरवर्षी हे नाटक उत्सवात व्हायचं आणि शेवटी पाणघोड्याच्या आकाराचा केक कापायचे. मी तिथे उभी राहून मुलाला ही गोष्ट सांगितली, परतल्यावर त्याला तेवढंच आठवतंय.

आणि चेहरे बघा, बरेच छिन्नीने टोचून काढलेत, पुढे ख्रिस्ती लोक इथे आले तेव्हाचं ते काम. बघून वाईट वाटतं. तरी देऊळ इतकं शाबूत राहिलं ते वाळूमुळे, खांबांच्या माथ्यापर्यंत वाळू होती आणि छतावर लोकांची घरं, १८६० च्या सुमारास मारिएट या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ते मोकळं केलं.

वाटसरू_नाशिक

हो, पाणघोडा मी विसरलोच! अजून एक, हाथोर ही होरसची बायको, तिचं देऊळ उत्तरेला देंदेराला. वर्षातून एकदा ती नावेने नाईलमधून नवऱ्याकडे यायची, अमावास्येला पोचायची आणि पौर्णिमेपर्यंत राहायची. पंधरा दिवस सगळं गाव जेवायला. देंदेरा जमत असेल तर जोडून बघाच.

सांजवारा

गुडघ्यांचं सांगतो. धक्क्यापासून देवळापर्यंत बहुतेक घोडागाडीने नेतात, पायरी उंच असते, आणि आमच्या घोड्याची हाडं दिसत होती, आईला बसवेचना. आम्ही गाइडला आदल्या दिवशीच सांगून टॅक्सी घेतली. सकाळी जितक्या लवकर जाल तितकं बरं, नंतर सगळ्या बोटींची माणसं एकदम येतात आणि अंगणातल्या ग्रॅनाइटच्या ससाण्यापुढे फोटोची रांग लागते.

रानजाई

किती सुंदर सांगितलंत सगळ्यांनी! आत्ताच आईला मोठ्याने वाचून दाखवलं, पावलांच्या खुणा झाडायचं ऐकून ती जरा गप्प झाली, मग तिने विचारलं की नैवेद्याचं पुढे काय करायचे?

वाटसरू_नाशिक

देवापुढून उचलून पुजारी आणि देवळात काम करणारे वाटून घ्यायचे. त्यावरच त्यांची घरं चालायची.