ब्रूइंग स्टँडला वेल्डिंग न करता चाकं लावायचीत, मदत हवी आहे

माल्टवेडा:
नमस्कार लोकहो. माझ्याकडे घरी बीअर करायचा लोखंडी स्टँड आहे, तीन केटलवाला (केटल म्हणजे बीअर उकळायची मोठी भांडी), त्याला चाकं लावायचीत. वेल्डिंग नको आहे, कारण त्याला उष्णतेचा पेंट मी स्वतः दोन हात मारलाय आणि तो मला जाळायचा नाहीये. दर वेळी एकटाच ओढत बाहेर काढतो, फरशीवर ओरखडे पडलेत आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. शनिवारी ब्रू करायचंय, त्याआधी झालं पाहिजे. कुठली चाकं घेऊ आणि कशी बसवू, जरा पटकन सांगा प्लीज.

लोखंडी_हात:
पाय चौकोनी पाइपचे, गोल की अँगलचे? माप काय? पत्रा किती जाड? खालून उघडे की बंद? फोटो टाका.

माल्टवेडा:
चौकोनी पाइप, ४० मिमी, पत्रा २ मिमी असावा. नेहमीचा असतो तसाच स्टँड आहे हो. फोटो रात्री टाकतो.

फेसाळ:
४० चा चौकोनी पाइप म्हणजे काम झालंच समजा. फुगणाऱ्या दांड्याची चाकं मिळतात ती घ्या, दांड्यावर रबरी बूच असतं, ते पाइपमध्ये सरकवायचं आणि खालचा नट आवळायचा की रबर फुगून आतून घट्ट धरतं. भोक नाही, बोल्ट नाही, काही नाही. माझ्या स्टँडला दोन वर्षं झाली लावून, हललेली नाहीत.

लोखंडी_हात:
@फेसाळ तुमचा स्टँड केवढा? त्या रबराची पकड टेबल-खुर्चीला पुरते. इथे तीन केटल आहेत. आणि उंबरा आला की आपण स्टँड एका बाजूने उचलतोच, तेव्हा चाक पाइपातून खाली घसरतं, मी डोळ्याने पाहिलंय.

फेसाळ:
माझा एका केटलचा आहे. पण वजन खाली दाबतं ना, पाइपची कड चाकाच्या चकतीवर टेकते, रबराला ते वजन उचलायचं नसतंच. तुमची चाकं घसरली कारण नट नीट आवळला नसणार.

लोखंडी_हात:
नट नीटच आवळला होता. सरळ खाली येणाऱ्या वजनाची मला भीती नाही, आडव्या झटक्याची आहे. चाक फरशीच्या खाचेत अडकलं की दांडा तिरका खेचला जातो आणि रबर तिथे ढिलं पडतं.

तांब्याची_नळी:
माझं ऐका, स्टँडला हातच लावू नका. १८ मिमीच्या प्लायची एक फळी घ्या, खाली चार चपट्या प्लेटची चाकं बोल्टने मारा, वर स्टँड ठेवून द्या, चारही कडांना पट्टी ठोका म्हणजे पाय सरकणार नाहीत. नको तेव्हा स्टँड उचलून खाली ठेवता येतो. एका दुपारचं काम आहे.

हॉप्स_उशिरा:
@तांब्याची_नळी बर्नरखाली प्लाय? उकळी उतू गेली की सगळी चिकट वर्ट (धान्याचा गोड रस) त्या फळीवर सांडणार, फळी फुगणार, वर गॅसची धग. प्लीज नको.

तांब्याची_नळी:
बर्नर आणि फळीमध्ये फूटभर तरी अंतर असतंच की. वर पत्रा मारला तर काहीही होत नाही. मी सहा-सात बॅच केल्यात असंच.

विजेरी:
मुळात गॅस हवाच कशाला? एक मोठी केटल, आत इलेक्ट्रिक एलिमेंट, धान्याला जाळीची पिशवी. स्टँड नाही, चाकं नाहीत, टेबलावर सगळं होतं. मी गेल्या वर्षी बदललं आणि मॅशचं (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचं) तापमान ६६ वर ठेवलं की एका डिग्रीनेही हलत नाही.

माल्टवेडा:
@विजेरी मला चाकं लावायचीत. बाकीच्यांनो, कोणी एक पक्कं सांगा ना, आज बुधवार आहे.

लोखंडी_हात:
पक्कं सांगायला माहिती द्या हो. भरलेल्या स्टँडचं एकूण वजन किती? फरशी कशी आहे, गुळगुळीत की सिमेंटची? आणि पाय खालून उघडे का बंद, हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

माल्टवेडा:
केटल ४० लिटरच्या. फरशी घरात गुळगुळीत, बाहेर सिमेंट, मध्ये एक उंबरा. वजन कधी केलं नाही.

हॉप्स_उशिरा:
वजन काढू या. तिन्ही केटल काठोकाठ कधीच नसतात तरी वाईटात वाईट धरा, १२० लिटर म्हणजे १२० किलो, गोड वर्ट पाण्यापेक्षा थोडी जडच. रिकाम्या केटल मिळून १५-१८, स्टँड, बर्नर, पंप मिळून ४०. साधारण १८० किलो. आता चारने भागू नका, तीनने भागा, कारण खडबडीत जमिनीवर एक चाक बऱ्याचदा अधांतरी असतं आणि तिघांवर सगळा भार येतो. म्हणजे ६० किलो, त्यावर राखीव धरून चाकामागे ८० ते १०० किलोवाली घ्या. उंबरा आहे तर १०० मिमीपेक्षा लहान चाक नको, १२५ असेल तर उत्तम.

आटेवाला:
१८० किलो असेल तर पायाच्या बाजूला भोक पाडून आटे पाडा, पट्टी लावा, पट्टीला चाक. टॅपचा (आटे पाडायच्या हत्याराचा) सेट असला की झालं. एम १० चं (म्हणजे १० मिमी जाडीच्या बोल्टचं) भोक ८.५ मिमीचं पाडायचं. मी सगळीकडे आटेच पाडतो, नट शोधत बसायला नको.

लोखंडी_हात:
@आटेवाला २ मिमी पत्र्यात? एम १० च्या एका फेऱ्याला १.५ मिमी लागतात, म्हणजे जेमतेम सव्वा आटा मिळेल, पहिल्याच झटक्याला सोलून निघेल. तिथे आरपार बोल्ट नाहीतर रिव्हेट नट (भोकात घालून पत्र्याला चेपून बसवायचा नट). आणि आरपार बोल्ट आवळताना पाइपच्या आत तेवढ्याच लांबीची नळी घाला, नाहीतर पाइप चेपतो.

आटेवाला:
जाड पत्रा असेल तर माझंच बरोबर आहे.

लोखंडी_हात:
पत्रा २ आहे, त्यांनी लिहिलंय वर.

माल्टवेडा:
फोटो टाकलाय. घाई आहे म्हणून अंधारातच काढला.

जुनी_बॅच:
फोटो बघितला. पायांच्या खाली ते काळं गोल काय आहे?

माल्टवेडा:
ते लेव्हल करायचे रबरी पाय आहेत, फिरवले की वरखाली होतात. ते काढूनच टाकणार आहे, मध्ये येतात.

जुनी_बॅच:
अहो!! मग खाली नट आहेच की. लेव्हलचा पाय ज्या आट्यात फिरतो त्याच आट्यात आटेवाल्या दांड्याचं चाक बसतं. ड्रिल नको, वेल्डिंग नको. एक पाय पूर्ण फिरवून काढा आणि तीन गोष्टी बघून सांगा. दांड्याची जाडी, दहा आट्यांची लांबी, आणि आतला नट लोखंडी प्लेटला पक्का आहे का प्लास्टिकच्या बुचात ठोकलेला.

फेसाळ:
मी म्हटलंच होतं ना, भोक पाडायची गरज नाही.

माल्टवेडा:
हे सुचलंच नाही मला. दांडा ११.८ मिमी, दहा आटे साडेसतरा मिमीत. पायाच्या तोंडाशी लोखंडी चौकोनी प्लेट कारखान्यातूनच वेल्ड करून आलीय आणि नट तिलाच आहे. पण एका पायाचा स्क्रू गंजलाय, फिरतच नाही.

जुनी_बॅच:
११.८ आणि १.७५ चा फेरा म्हणजे एम १२, खात्रीने. अर्धा इंची असता तर १२.७ भरला असता. नट प्लेटला वेल्ड आहे हे फार बरं झालं, प्लास्टिक बूच असतं तर मी नको म्हटलं असतं.
गंजलेल्यावर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पान्याने आधी थोडा आवळून मग सोडा, असं पुढेमागे करत काढा. जोर लावून एकाच दिशेने फिरवाल तर दांडा आतच तुटेल. निघाला की एम १२ चा टॅप एकदा हाताने फिरवून आटे साफ करा.

आटेवाला:
टॅप लागलाच शेवटी.

लोखंडी_हात:
जुनी_बॅच यांना पूर्ण सहमत. माझी भर एवढीच की दांडा निदान नटाच्या पूर्ण जाडीत शिरला पाहिजे, एम १२ चा नट साधारण १० मिमी असतो, म्हणून २५-३० मिमी लांबीचा दांडा घ्या. वॉशर आणि लॉकनट घालून प्लेटवर आवळा, नाहीतर चालता चालता चाक स्वतःच सुटत जातं. चारही फिरती घ्या आणि निदान दोन अशी की ब्रेक लावला की चाकही थांबतं आणि फिरणंही. नुसतं चाक थांबवणारा ब्रेक असेल तर स्टँड जागच्या जागी डुलतो, आणि वर उकळतं पाणी.

हॉप्स_उशिरा:
आणि भरलेला स्टँड हलवायचा नाही, कितीही चांगली चाकं असोत. रिकामा न्यायचा, ब्रेक लावायचे, मगच पाणी भरायचं. हे मी जीव तोडून सांगतेय, माझ्या पायावर मॅशचं पाणी सांडलंय. सिलेंडरची नळीही बघा, स्टँड दीड-पावणेदोनशे मिमी वर जाईल, ती ताणली जाता कामा नये.

तांब्याची_नळी:
उंची वाढली की धान्य ओतायला त्रास होतो, माझ्या फळीचंही तेच. छोटी चौकी घ्या उभं राहायला.

माल्टवेडा:
उंचीचं लक्षात आलं नव्हतं. पंप स्टँडलाच आहे, तो सोबतच वर जाईल, त्यामुळे त्याचा प्रश्न नाही, गॅसची नळी लांब घेतो.

माल्टवेडा (शनिवार):
झालं! गंजलेला पाय शुक्रवारी सकाळी निघाला, जुनी_बॅच तुम्ही सांगितल्यासारखं पुढेमागे करूनच. १२५ ची चाकं, चारही ब्रेकवाली. उंबऱ्यावरून रिकामा स्टँड एका हाताने गेला. बाहेर सिमेंटवर एक चाक अधांतरी होतं, तर त्याचा लॉकनट ढिला करून दांडा एक फेरा बाहेर काढला, परत आवळला, आणि चारही टेकली. आत्ता मॅश चालू आहे, कंबर ठीक आहे.

जुनी_बॅच:
वा! दांडा त्याहून जास्त बाहेर काढू नका मात्र, नटात पूर्ण राहू दे. आणि दोन-तीन बॅचनंतर लॉकनट परत एकदा आवळून बघा.