मदत हवी आहे: माइनक्राफ्टात लोणार बांधलं, लोकांना शेततळं वाटतंय

राम राम मंडळी. मेहकरकडच्या एका खेड्यातून लिहितोय. मी ज्या सर्व्हरवर माइनक्राफ्ट (ठोकळे रचून जग बांधायचा खेळ) खेळतो तिथं दर महिन्याला बांधकामाची स्पर्धा असते. या वेळचा विषय 'आपल्या भागातली जागा'. आपल्याला दुसरं काय सुचणार? लोणार. वावरातून आल्यावर रात्री जागून पंधरा दिवसांत सरोवर उभं केलं, सरावाच्या धाग्यावर फोटो टाकले. पहिली प्रतिक्रिया, "छान तळं आहे." दुसऱ्यानं विचारलं, शेततळं का? (हा अकोल्याचा निघाला, म्हणून जास्त लागलं.)

घोळ मापाचा आहे. खरं विवर या काठापासून त्या काठापर्यंत साधारण 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर. हुबेहूब करायचं तर 1800 ठोकळे रुंदी. माझ्या 4 जीबीच्या लॅपटॉपवर रेंडर डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते) 8 चंकांच्या, म्हणजे 16 ठोकळे रुंद तुकड्यांच्या, वर नेला की पंखा मळणीयंत्रासारखा ओरडतो. 8 चंक म्हणजे 128 ठोकळे, त्यापुढं नुसतं धुकं. म्हणून सगळं दहाव्या हिश्श्यानं केलं: 180 रुंद, 15 खोल. गणित चोख, पण दिसतं ते शेततळंच. कमळजा देवीचं मंदिर तर एवढंसं झालं की आत माणूस शिरत नाही.

विवर बेसॉल्टातलं, म्हणजे काळ्या खडकातलं, म्हणून उतार सगळा बेसॉल्टच्या ठोकळ्यांनी मढवला. तोही आता कोळशाच्या ढिगासारखा दिसतोय.

खोली वाढवली तर खोटं होईल का? आणि पाणी गुलाबी करू का, जून 2020 मध्ये झालं होतं तसं? पाच दिवस उरलेत, त्यात आमच्याकडच्या लाइटचा काही नेम नाही.

प्रतिसाद १

भाऊ, खोली बिनधास्त तिप्पट कर. शाळेतला उठावाचा नकाशा आठव. त्यात सह्याद्री खऱ्या मापानं केला असता तर बोटालाही लागला नसता. वर्णनात एक ओळ टाक की उंची वाढवली आहे, म्हणजे कोणी खोटं म्हणणार नाही.

फोटो काढताना एफ१ दाबून पडद्यावरच्या पट्ट्या घालव आणि एफओव्ही (नजरेचा कोन) 70 वरून 40 वर आण. समोरचा काठ जवळ येतो, उंच वाटतो. परीक्षक आधी फोटो पाहतात. आत फिरून बघणारे थोडेच.

प्रतिसाद २

मला वरचं पटत नाही. पूर्ण विवर बांधायचंच कशाला? एक पाचर काप, पण खऱ्या मापाची. दीडशे खोली सहज बसते, खेळातलं जग उंचीला उणे 64 पासून 320 पर्यंत आहे. काठावरच्या गोमुखाच्या धारेपाशी (झऱ्यापाशी) सुरुवात, मग झाडांतून खाली पायवाट, पाणी एकदम शेवटी दिसू दे. ज्या धुक्याच्या नावानं बोंबलतोस तेच समोरचा काठ झाकेल, आणि बघणाऱ्याला वाटेल पलीकडं अजून केवढं असेल!

आणि लोणारला गेलायस ना तू? उतारावर काळा दगड दिसतो कुठं? बाभूळ, साग, सीताफळ, सगळी झाडीच. बेसॉल्ट कुठंतरी माती सुटलेल्या जागी दाखव, तोही अँडेसाइट आणि टफ हे करडे दगडी ठोकळे मिसळून. त्या ठोकळ्याला उभ्या रेघा आहेत, सलग लावला की पत्र्याचं कुंपण वाटतं.

गुलाबी करू नको. ते मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं थोडे दिवस झालं होतं, एरवी पाणी हिरवटच. खेळाची जावा आवृत्ती असेल तर फिलबायोम कमांडनं दलदलीचा बायोम (प्रदेशाचा प्रकार) लाव, पाणी आपोआप मळकट हिरवं होतं. एका वेळी 32768 ठोकळेच घेते, तुकड्यातुकड्यानं कर.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पाचर पटली राजेहो, जुनं सगळं मोडलं. पंधरा दिवसांची मेहनत, पोटात तुटलं जरा. काल रात्री धारेपासून सुरुवात केली, मंदिरात आता माणूस वाकून का होईना शिरतो.

एक अडलंय. धारेकडून खाली उतरणाऱ्या पायऱ्या किती रुंद आहेत? कोणी अलीकडं गेलं असेल तर सांगा. माझ्याकडं शाळेच्या सहलीचा एक फोटो आहे, पण त्यात पायऱ्यांवर सगळी पोरंच उभी आहेत.