बॅलिमलूच्या आजी-आजोबांची गोष्ट कोणाला माहीत आहे का?

कॉर्कवासी: आयर्लंडमधल्या कॉर्कला येऊन सहा महिने झालेत. दुकानातून बॅलिमलू नावाच्या इथल्या ब्रँडच्या टोमॅटो रेलिशची (चटणीसारखं असतं) बाटली आणली आणि तेव्हापासून घरात ती संपूच देत नाही. ऑफिसमधली एकजण म्हणाली ही रेसिपी आजीची आहे, आणि हॉटेल, कुकरी स्कूल सगळं आजी-आजोबांच्या शेतावरून सुरू झालं. खरंय का? शनिवारी तिकडे, शॅनगॅरी गावाला जायचंय, आधी कळलं तर बरं.

रानवाट: खरंय! मर्टल आणि आयव्हन अॅलन. १९४३ मध्ये लग्न झालं तेव्हा मर्टल १९ वर्षांची, स्वयंपाक असा येतच नव्हता, खाण्याची आवड आयव्हनला. तो भाजी-फळं पिकवायचा, काचगृहात टोमॅटो. पुढे बॅलिमलूचं मोठं घर आणि शेत घेतलं, सहा मुलं झाली, आणि घरचं दूध, भाजी, डुकराचं मांस हाताशी असल्यामुळे ती शिकत गेली, १९६२ पासून आयरिश फार्मर्स जर्नलमध्ये सदर पण लिहायला लागली. मग १९६४ मध्ये, चाळिशीत, स्वतःच्या घरातल्या जेवणघरातच रेस्टॉरंट उघडलं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की मेनू रोज नवा लिहायची, बागेत काय तयार झालंय आणि जवळच्या बॅलिकॉटन बंदरातल्या बोटींनी काय मासे आणलेत ते बघून. त्या काळी हॉटेलवाले एकदा मेनू लिहिला की तोच वर्षानुवर्षं चालवायचे! १९७५ मध्ये मिशेलिन स्टार मिळाला, म्हणजे रेस्टॉरंटसाठीचा मोठा मान.

मीठमसाला: आयव्हनला पण क्रेडिट द्या हो, त्याची नेहमी राहून जाते गोष्ट. रेलिश मुळात त्याच्याच काचगृहातले जास्तीचे टोमॅटो वाया जाऊ नयेत म्हणून मर्टलने केलं. बऱ्याच वर्षांनी मुलगी यास्मिनने तेच बाटलीत भरून विकायला काढलं आणि आता तिची मुलगी मॅक्सीन त्या कंपनीत आहे. म्हणजे तुझ्या ऑफिसमधलीचं बरोबर, आजीचीच रेसिपी. आणि कुकरी स्कूलवाली डॅरिना त्यांची सून बरं का, ती डब्लिनला हॉटेल मॅनेजमेंट शिकत असताना तिला या रोज मेनू बदलणाऱ्या बाईबद्दल कळलं म्हणून ती इथल्या किचनमध्ये कामाला आली आणि नंतर मुलगा टिमशी लग्न झालं. स्कूल तिने आणि भाऊ रॉरीने १९८३ मध्ये काढलं.

कॉर्कवासी: वा, मनापासून थँक्स दोघांना! मर्टलबाई अजून आहेत का?

रानवाट: नाहीत, २०१८ मध्ये गेल्या, ९४ वर्षांच्या होत्या. आयव्हन १९९८ मध्येच गेले. एक लक्षात ठेव, बॅलिमलूचं घर, म्हणजे हॉटेल, आणि स्कूल एका ठिकाणी नाहीत, स्कूल शॅनगॅरी गावाजवळ किनॉइथला आहे, शंभर एकराच्या ऑरगॅनिक शेतात. मी असते तर आधी ते शेत बघितलं असतं आणि मग जेवायला बॅलिमलूच्या घरी गेले असते. टेबल मात्र आजच बुक कर.