शब्दचर्चा : 'विकत घेतलं' म्हणजे नेमकं काय घेतलं?

काही वर्षांपूर्वी मी एक चित्रपट विकत घेतला होता. पडद्यावर शेजारीशेजारी दोन बटणं होती, 'भाड्याने घ्या' आणि 'विकत घ्या'. दुसऱ्याचे पैसे बरेच जास्त होते, तरी मी तेच दाबलं, कारण तो चित्रपट मला पुन्हा पुन्हा बघायचा होता. गेल्या महिन्यात शोधला तर खात्यात नाही. विचारल्यावर उत्तर आलं, की हक्कदारांशी असलेला करार संपला आहे, आणि अटींनुसार मला मिळाला होता तो फक्त पाहण्याचा परवाना.

मला त्या उत्तरापेक्षा बटणावरचा शब्द जास्त लागला. म्हणून हा धागा काढून प्रश्न इथे मांडते आहे.

मराठीत नुसतं 'घेतलं' म्हटलं तरी विकतच घेतलं असं आपण धरतो. 'घर घेतलं', 'गाडी घेतली', 'पुस्तक घेतलं', यात विकत हा शब्द बोलावाही लागत नाही. मालकी झाली नसेल तेव्हा मात्र सांगावं लागतं: भाड्याने घेतलं, वाचायला घेतलं, तात्पुरतं घेतलं. शिवाय न विकत घेता आणलेल्या वस्तूंसाठी आपल्याकडे किती बारीक शब्द आहेत बघा. 'मागून' आणलेली वस्तू तीच परत करायची असते. 'उसनी' आणलेली वस्तू वापरून संपते आणि तशीच दुसरी द्यायची असते. दस्ताभर कागद उसने आणले तर दुसरा दस्ता द्यायचा. 'उधार' आणलं तर वस्तू आपली झाली, पैसे राहिले. हे तिन्ही शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरले तर लगेच खटकतं. इतक्या नेमक्या भाषेत 'विकत' या शब्दालाही नेमका अर्थ आहे: यापुढे या वस्तूचं बरंवाईट माझं. मी ती कुणाला देईन, विकेन, फाडेन, मुलांना ठेवेन. 'विकतचं दुखणं' हा वाक्प्रचारही याच अर्थावर उभा आहे. विकत घेतलेलं दुखणं परत न्यायला कोणी येत नाही.

मग जी वस्तू देणारा कधीही काढून घेऊ शकतो, ती 'विकत' घेतली असं म्हणणं मराठीत चूक नाही का? आणि चूक असेल तर योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद

चूक आहेच, आणि हे आता एका कायद्यानेही मान्य केलं आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५पासून एक कायदा लागू झाला. डिजिटल वस्तूचा फक्त परवाना मिळणार असेल तर विक्रेत्याने 'बाय' किंवा 'पर्चेस' असे शब्द सरळ वापरायचे नाहीत. हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलं तरच वापरायचे. जी फाइल कायमची उतरवून (डाउनलोड करून) इंटरनेटशिवाय वापरता येते, ती यातून वगळली आहे. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी सूचना लावली. एका शब्दाच्या अर्थासाठी विधिमंडळाने वेळ दिला याचं मला फार समाधान वाटलं.

प्रतिसाद

तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण शब्दाच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार मांडतो. चित्रपट कोणीच कधी विकत घेत नव्हतं. कॅसेट घेतली तेव्हाही आपण चित्रपट घेतला नाही, चित्रपटाची प्रत घेतली. हक्क निर्मात्याकडेच राहिले. म्हणजे 'चित्रपट विकत घेतला' हे वाक्य पहिल्यापासून सैलच होतं. आज तो सैलपणा उघडा पडला, एवढंच.

धागाकर्ती

तुम्ही 'प्रत' हा शब्द आणलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण सगळं त्या शब्दावर येऊन ठेपतं. 'कॉपीराइट'साठी 'स्वामित्वहक्क' सर्रास छापलं जातं, पण मला 'प्रताधिकार' हाच शब्द खरा वाटतो. स्वामित्व म्हटलं की सगळ्यावर मालकी आल्यासारखं वाटतं. प्रताधिकार सांगतो की हा अधिकार प्रती काढण्याचा आहे. निघालेली प्रत ज्याने घेतली ती त्याची.

यावर एक जुना निकाल आहे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बॉब्स-मेरिल या प्रकाशकाचा खटला आला. त्यांनी एका कादंबरीत छापलं होतं, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकण्याची परवानगी कोणालाही नाही, आणि तसं विकलं तर तो प्रताधिकाराचा भंग मानला जाईल. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. न्यायालयाने प्रकाशकाला सांगितलं, की प्रत एकदा विकलीत की ती पुढे कोणी कितीला विकावी यावर तुमचा अधिकार उरत नाही. पुस्तकात छापलेली सूचना हीच तेव्हाची 'अटी व शर्ती' होती, आणि ती प्रतीच्या मालकाला बांधू शकली नाही. जुन्या पुस्तकांचा सगळा व्यवहार याच तत्त्वावर चालतो.

म्हणून 'चित्रपट विकत घेतला' हे बोलणं सैल असलं तरी खोटं नव्हतं. प्रत हातात होती. माझ्याकडे आता प्रतही नाही.

प्रतिसाद

प्रतीचाच धागा पुढे नेतो. रीडिजी नावाच्या एका कंपनीने २०११मध्ये जुनी गाणी विकण्याची सोय काढली. जुनी म्हणजे वापरलेली. तुम्ही पैसे देऊन घेतलेली गाण्याची फाइल दुसऱ्याला विकायची, आणि तुमच्याकडची पुसली जायची. कॅपिटॉल रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने खटला भरला. २०१८मध्ये अपिलातही रीडिजी हरली. कारण ऐकण्यासारखं आहे: फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात नेली की तिथे नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क तुमचा नाही.

म्हणजे पुस्तक 'देता' येतं, फाइल 'देता' येतच नाही. तिची दरवेळी नवी प्रतच होते. 'देणे' या क्रियापदात देणाऱ्याचा हात रिकामा होणं गृहीत आहे. डिजिटल वस्तूंच्या बाबतीत आपली जवळपास सगळी व्यवहाराची क्रियापदं अशी अडखळतात: देणे, नेणे, ठेवणे, हरवणे.

प्रतिसाद

मूळ प्रश्नाकडे. 'योग्य शब्द कोणता?'

'भाडे' चालणार नाही. भाड्याला मुदत असते, ठरलेल्या वेळी पुन्हा पैसे द्यावे लागतात. इथे पैसे एकदाच आणि मुदत कोणालाच माहीत नाही.

जमिनीच्या कागदपत्रांतला 'भोगवटा' मला जवळचा वाटतो. भोगवटादार वस्तूचा उपभोग घेतो, पण सगळ्या बाबतीत मालकासारखा नसतो. 'वहिवाट'ही तशीच, पण वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं वापरून पक्का होत जाणारा हक्क. इथे उलट, जितकी वर्षं जातील तितका करार संपण्याचा दिवस जवळ येतो. त्यामुळे भोगवटा.

धागाकर्ती

भोगवटा शब्द सुरेख आहे, पण मला त्यात एक अडचण दिसते. भोगवटादाराला उठवायचं तर नोटीस द्यावी लागते, कारण द्यावं लागतं. त्याच्यामागे कायदा उभा असतो. माझ्या चित्रपटाच्या वेळी मला आधी पत्रही आलं नाही. यासाठी मराठीत 'परस्पर' हा शब्द आहे. परस्पर काढून घेतलं.

जुलै २००९मध्ये अॅमेझॉनने किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या प्रती अशाच परस्पर काढून घेतल्या होत्या. ज्याने त्या आवृत्त्या दुकानात ठेवल्या त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत दिले. तरी अॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांना जाहीर माफी मागावी लागली. एका शाळकरी मुलाने दावा लावला, कारण अभ्यासासाठी त्याने पुस्तकात काढलेल्या टिपा पुस्तक गेल्यावर कशालाच जोडलेल्या राहिल्या नाहीत. ही गोष्ट मला पैशांपेक्षा मोठी वाटते. छापील पुस्तकाच्या समासात लिहिलेलं आपलं असतं आणि ते आपल्याकडेच राहतं.

२०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत दिले, पण पुस्तकं उघडेनाशी झाली. 'द क्रू' हा २०१४चा व्हिडिओ गेम युबिसॉफ्ट या कंपनीने ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद करून संपवला. ज्यांनी तो एकट्याने खेळायला घेतला होता त्यांचाही संपला. हा भोगवटा म्हणायचा का? मला तर 'मर्जी' हा शब्द सुचतो. मर्जी असेपर्यंत.

प्रतिसाद

'मर्जीवर घेणे' असं कोणी बटणावर लिहिणार नाही, पण अर्थ मात्र तोच आहे. माझं मत 'वापरायला घ्या'. साधं आहे, पहिली-दुसरीतल्या मुलालाही कळेल, आणि 'वाचायला घेतलं', 'बघायला आणलं' या आपल्या नेहमीच्या बोलण्याशी जुळतं. 'परवाना' शब्द अचूक असला तरी सामान्य माणूस तो वाचून पुढे जातो. त्याला तो बंदुकीचा किंवा गाडी चालवायचा वाटतो.

धागाकर्ती

'वापरायला घ्या' मला पटलं. यापेक्षा प्रामाणिक बटण सुचत नाही.

प्रतिसाद

मग माझं सरळ म्हणणं असं. समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरतं: विकत घेणं म्हणजे मालकी नसेल, तर फुकट उतरवणं म्हणजे चोरीही नव्हे. तुमच्यासारख्या माणसाने पुन्हा तोच चित्रपट कुठून तरी उतरवून घेतला, तर मी त्याला चोर म्हणणार नाही.

धागाकर्ती

मीही स्वतःला म्हणणार नाही, पण त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग यांचा मला संबंध दिसत नाही. पहिली तक्रार दुकानदाराच्या शब्दाबद्दल आहे. दुसऱ्यात नुकसान होतं ते बहुतेक वेळा कलाकाराचं.

'चोरी' हा शब्द मात्र खरोखरच तपासायला हवा. १९८५च्या डाउलिंग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा तबकड्यांचा व्यवहार होता. चोरीचा माल एका राज्यातून दुसऱ्यात नेल्याचा कायदा त्याला लावता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. प्रताधिकाराचा भंग हा गुन्हा असू शकतो, पण चोरी या शब्दात तो सहज बसत नाही, कारण मालकाची वस्तू त्याच्याकडेच असते.

मराठीत 'चोरणे' याहून पसरट आहे. अंग चोरणे, नजर चोरणे, कामचोर: इथे कोणी कोणाची वस्तू नेत नाही, जे द्यायला हवं ते देत नाही. त्या अर्थाने चोरी म्हणता येईल. पण त्याहून चपखल क्रियापद मला 'बुडवणे' वाटतं. भाडं बुडवणे, कर बुडवणे, मानधन बुडवणे. वस्तू जागेवर असते, येणं बुडतं. 'पायरसी'साठी वापरतात त्या 'चाचेगिरी'त जहाज, तलवार असा फार मोठा पसारा डोळ्यांसमोर येतो आणि ज्याचं येणं बुडालं तो माणूस दिसेनासा होतो.

प्रतिसाद

बुडवायला आधी देणं लागावं लागतं. फुकट उतरवलेलं गाणं विकत घ्यायचं मी कबूलच केलं नव्हतं, तर बुडवलं कसं? मला 'विनातिकीट' जास्त योग्य वाटतं. गाडी तशीही जाणार होती, जागा रिकामी होती, तरी विनातिकीट तो विनातिकीटच.

धागाकर्ती

हे मान्य. माझ्या शब्दापेक्षा तुमचा बरा.

प्रतिसाद

थोडं अवांतर. 'कॉपी' या शब्दाला मराठीत परीक्षेतल्या लबाडीचा वास कायमचा चिकटला आहे. 'याने कॉपी केली' म्हटलं की मान खाली. पूर्वी पोथीची 'प्रत उतरवून घेणे' हे कष्टाचं, आदराचं काम होतं. तीच क्रिया, शब्द बदलला तर माणसाची पत बदलते. उलट 'पेटंट' शब्द बघा: कायद्यात तो शोधाचा, पण आपण 'त्याचा पेटंट डायलॉग' म्हणतो तेव्हा कौतुक असतं. बातम्यांत 'गाण्याचं पेटंट' असं येतं ते मात्र चूक. गाण्याला प्रताधिकार, यंत्राला एकस्व, म्हणजेच पेटंट.

प्रतिसाद

एक शंका उरली. असे चित्रपट, पुस्तकं ज्यांच्या खात्यात आहेत त्यांनी बोलताना काय म्हणावं? 'माझा चित्रपट' तर नाही. 'माझ्याकडे आहे' म्हणावं?

धागाकर्ती

मी यावर बराच विचार केला. 'माझं आहे' आणि 'माझ्याकडे आहे' हा फरक मराठीत फार जुना आणि फार उपयोगी आहे. मागून आणलेलं पुस्तकही 'माझ्याकडे' असतं. म्हणून आधी वाटलं की हेच बरोबर. पण माझ्याकडे म्हणजे माझ्या हाताच्या टप्प्यात, माझ्या कपाटात. हा चित्रपट तिथे कधीच नव्हता. सध्या तरी अशा चित्रपटाबद्दल मी 'माझ्या खात्यात दिसतो' असं म्हणते. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशीही आधी म्हटलेलं ते वाक्य खोटं ठरणार नाही.