मदत हवी आहे: एसएन२ मध्ये इन्व्हर्जन होतं, मग रोटेशन शून्यावर कसं येतं?

नमस्कार, मी एस.वाय. बीएस्सीला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. एसएन१ आणि एसएन२ (कार्बनवरचा एक गट जाऊन दुसरा येण्याचे दोन मार्ग) मी असं लक्षात ठेवलंय की एसएन१ मध्ये लीव्हिंग ग्रुप (जाणारा गट) आधी निघून जातो, सपाट कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेला कार्बन) बनतो, न्यूक्लिओफाइल (येणारा गट) दोन्ही बाजूंनी येऊ शकतो म्हणून रेसेमिक मिळतं, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले उजवे आणि डावे रेणू निम्मे-निम्मे, आणि एसएन२ मध्ये मागून अटॅक होतो, वाऱ्याने छत्री उलटावी तसा रेणू उलटतो, हेच इन्व्हर्जन. इथपर्यंत ठीक.

पण परवा नोट्समध्ये १९३५ चा ह्यूज आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. ऑप्टिकली अ‍ॅक्टिव्ह (पोलराइज्ड प्रकाश फिरवणारं) २-आयोडोऑक्टेन घेतलं, अ‍ॅसिटोनमध्ये सोडियम आयोडाइड टाकलं आणि त्यातलं आयोडीन रेडिओअ‍ॅक्टिव्ह होतं, म्हणजे किती रेणूंमध्ये आयोडीन बदललं ते मोजता येतं. तर म्हणे रोटेशन (प्रकाश किती फिरतो ते) कमी होत होत शून्यावर जातं, आणि रेसेमायझेशनचा, म्हणजे हे रोटेशन पडण्याचा, रेट आयोडीन बदलण्याच्या रेटच्या दुप्पट निघाला, आणि हा एसएन२ चा पुरावा आहे!! मला दोन्ही कळत नाहीये. प्रत्येक रेणू उलटतोय तर शेवटी रोटेशन उलट चिन्हाचं यायला हवं ना, शून्य का? आणि एका रेणूत एकदाच आयोडीन बदललं तर दुप्पट कुठून आलं? दोन दिवस हेच डोक्यात आहे, पाठ करून पुढे जायचं नाहीये, कोणीतरी समजावून सांगा प्लीज.

प्रतिसाद :
खूप चांगल्या जागी अडकलायस, इथे थांबायलाच हवं.

आधी शून्याचं बघू. इथे येणाराही आयोडाइड आणि जाणाराही आयोडाइड. म्हणजे उलटलेला रेणू हा पुन्हा २-आयोडोऑक्टेनच आहे, त्याच्यावर परत अटॅक होतो आणि तो पुन्हा सुलटा होतो. असं उलट-सुलट चालूच राहतं, शेवटी निम्मे उजवे निम्मे डावे झाले की दोन्हीकडून सारखेच रेणू उलटतात आणि रोटेशन शून्यावर थांबतं. तू म्हणतोस ते उलट चिन्ह तेव्हा, जेव्हा उलटलेला रेणू परत फिरू शकत नाही. उदाहरणार्थ २-ब्रोमोऑक्टेनवर हायड्रॉक्साइड आला की ऑक्टॅन-२-ऑल बनतं, आणि त्यातला ओएच सहजासहजी बाहेर पडत नाही, त्यामुळे इन्व्हर्जन टिकून राहतं.

आता दुप्पट. पोलारीमीटर (रोटेशन मोजणारं यंत्र) रेणू मोजत नाही, उजवे वजा डावे एवढा फरकच दाखवतो. १०० उजवे घे, त्यातले १० उलटले. राहिले ९० उजवे, १० डावे, फरक ८०. आयोडीन बदललं १० रेणूंत पण रोटेशन पडलं २० टक्क्यांनी. रस्सीखेचीत एक गडी आपल्याकडून समोर गेला तर आपला एक कमी होतो आणि त्यांचा एक वाढतो, तसंच हे.

प्रश्नकर्ता :
अरे हो!! मी रोटेशन म्हणजे उजव्या रेणूंची संख्या असंच धरून बसलो होतो. मग एसएन१ असतं तर काय, हे मी करून बघितलं, चूक असेल तर सांगा. १० रेणूंत आयोडीन बदललं, त्यातले ५ उजवे ५ डावे झाले. म्हणजे ९५ आणि ५, फरक ९०. पडलं १० टक्के. म्हणजे दोन्ही रेट सारखेच आले असते?

प्रतिसाद :
अगदी बरोबर. आणि आयोडीन ज्या बाजूने गेलं त्याच बाजूने आलं असतं तर रोटेशन हललंच नसतं. म्हणजे दुप्पट हा आकडा तेव्हाच येतो जेव्हा दर वेळी, न चुकता, मागूनच अटॅक होतो. म्हणून मला हा प्रयोग फार आवडतो, रेणू डोळ्यांना दिसत नाही पण त्याची उलटण्याची सवय दोन रेटच्या तुलनेतून पकडली. फक्त एक ध्यानात ठेव, हे गणित सुरवातीच्या रेटचं आहे, नंतर उलटलेलेच पुन्हा उलटायला लागतात.

आणि सपाट कार्बोकॅटायन म्हणजे कायम पूर्ण रेसेमिक असंही धरू नकोस. लीव्हिंग ग्रुप कधीकधी एका बाजूला रेंगाळतो, ती बाजू अडते, आणि इन्व्हर्जनवालं प्रॉडक्ट थोडं जास्त निघतं.

प्रश्नकर्ता :
हे शेवटचं तर नोट्समध्ये नव्हतंच. खूप खूप आभार, आज रात्री १-फिनाइलएथिल क्लोराइडचं उदाहरण घेऊन बसतो, अडलो तर इथेच विचारतो.