उजनीच्या फुगवट्यावर पाणपक्षी गणना: सल्ला हवा

पाणकाठ: इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या (धरणामागे साठलेल्या पाण्याकाठच्या) गावात आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत उतरायचंय. दुर्बिणी आहेत, पण हजाराचा थवा मोजायचा कसा? जोडीला काठावर झाडं लावायचाही विचार आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

शेकाट्या: आधी काठाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात उभं राहायची एकच जागा ठरवून तिची जीपीएस नोंद ठेवा. दरवर्षी तिथूनच मोजायचं, नाहीतर दोन वर्षांचे आकडे ताडून पाहता येत नाहीत. एका जागी तिघं पुरेत: दोघं मोजणारे, एक लिहिणारा. ८x४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) चांगलीच, पण लांबच्या बदकांसाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (जास्त ताकदीची एकनळी दुर्बीण) कुठूनतरी मिळवाच.

सकाळी पूर्वेच्या काठावर थांबा, म्हणजे ऊन पाठीवर येईल. उन्हाकडे तोंड केलं की थापट्या बदक काय नि तलवार बदक काय, सगळे काळेच दिसतात. दहाच्या पुढे पाण्यावर झळा नाचू लागतात, स्कोपमधून काही धड दिसत नाही.

थव्यातले दहा पक्षी एकेक करून मोजा. त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा, त्या मापाने शंभर ठरवा आणि पुढे शंभर-शंभरांनी सरका. माप मधल्या दाटीतून घेतलं तर आकडा फुगतो, विरळ कडेवरून घेतलं तर घटतो. दोन्हीकडून घेऊन पाहा. पट्टकदंबांचा (पट्टेरी डोक्याच्या हंसांचा) थवा उठून दुसरीकडे बसला तर त्या जागेवरच्या लोकांना लगेच फोन करा, नाहीतर तोच थवा दोनदा मोजला जाईल. ओळख पटली नाही तर सरळ ‘अनोळखी बदक, ४०’ लिहा. अंदाजपंचे नाव घातलं की पुढे ती चूक कुणाला सापडत नाही.

पाणकाठ: आमच्या बाजूला जानेवारीत रोहित (फ्लेमिंगो) फार थोडे दिसतात. संख्या घटली म्हणायची का?

गाळपेर: लगेच तसं म्हणू नका. धरण भरलेलं असलं की उथळ गाळ पाण्याखाली असतो, रोहितांना चरायला जागाच नसते. पाणी उतरलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये ते वाढतात. म्हणून नोंदीत पाण्याची पातळी हवीच, आणि मार्चमध्ये त्याच जागांवरून पुन्हा मोजा.

झाडांचं मात्र कळकळीने सांगतो: काठावर लावू नका. पट्टकदंब आणि तुतवार, शेकाटे अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना चहूकडे नजर पोचेल असा उघडा काठ लागतो. झाडं गावठाणात, शाळेच्या आवारात लावा.

काठावर खरं काम आहे ते नायलॉनच्या टाकून दिलेल्या जाळ्यांचं आणि संक्रांतीनंतरच्या मांज्याचं. हातात जाड मोजे घाला. मांजा ओढू नका, कात्रीने वीतभर तुकडे करून पोत्यात भरा. लांब धागा कचऱ्यात गेला तर तिथेही पक्षी अडकतात. अडकलेला पक्षी दिसला तर आधी डोक्यावर फडकं टाका, तो शांत होतो. धागा कापा, पण जखमेत रुतलेला उपसू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

शेकाट्या: ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) एका जागेची एकच यादी भरा आणि बाकीच्यांना त्यात जोडून घ्या. प्रत्येकाने वेगळी भरली की तेच पक्षी तिप्पट दिसतात. एखाद्या जागी पक्षी नसले तरी ‘शून्य’ लिहायला विसरू नका.